इंटरनेटचे तलाठी : जॉन पोस्टेल

लॅबमध्ये ‘लोकलहोस्ट’ आपण सगळ्यांनीच टाइप केलंय. जरनलमध्ये ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हा पत्ताही उतरवलाय (बहुतेक मागच्या बॅचच्या जरनलवरून!). व्हायवाला सरांनी मला विचारलं, हे नाव आपल्याला विकत घेता येईल का? मी ठोकून दिलं, हो सर, पैसे असतील तर. सर फक्त हसले. नंतर लायब्ररीत बसून खरं उत्तर शोधलं आणि जॉन पोस्टेल या माणसाची ओळख झाली.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेनाचा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून १९६६ साली ते आपल्यासारखेच इंजिनिअर झाले आणि १९७४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. लांब दाढी, वाढलेले केस, पायात सँडल्स. आपल्या रेक्टरांनी गेटवरच अडवलं असतं!

१९६९ मध्ये आर्पानेट सुरू झालं. कुठला नंबर कशासाठी, याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी होती. १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एका टिपणात सुचवलं की हे काम एकाच माणसाकडे द्यावं, आणि कंसात प्रश्नचिन्ह टाकून स्वतःलाच पुढे केलं. पुढे याच कामाला आयाना हे नाव मिळालं. इंटरनेटचे नियम ज्यात लिहिले जातात त्या आरएफसी टिपणांचं संपादनही त्यांनी मरेपर्यंत केलं. १९८३ मध्ये त्यांचे सहकारी पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धत तयार केली. लगेच १९८४ मध्ये पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी कॉम, एज्यु, ऑर्ग ही नावं कागदावर मांडली.

मला ते गावच्या तलाठ्यासारखे वाटतात. शेतं ज्याच्या-त्याच्या नावावर असतात, पण गायरान सगळ्या गावाच्या गुरांसाठी राखलेलं असतं. तलाठ्याच्या वहीत त्याचीही नोंद हवी, नाहीतर उद्या कोणीही कुंपण घालेल. आयानाच्या वहीत असं गायरान होतं. होस्टेलच्या लॅनवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसतो ना, तो त्यातलाच. खाजगी नेटवर्कसाठी राखलेला, म्हणून जगात कुठेही, कोणीही वापरावा.

पण सगळी वही एकाच माणसाच्या हातात असावी का? २८ जानेवारी १९९८ ला हा प्रश्न उभा राहिला. पोस्टेल यांनी १२ पैकी ८ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल केली की मुख्य यादी यापुढे आयानाच्या मशीनवरून घ्या. त्यांनी मुकाट्याने ऐकलं! अमेरिकन सरकार हादरलं. पोस्टेल यांनी ती चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं. त्याच वर्षी हे काम सांभाळायला आयकॅन ही संस्था उभी राहिली, पण ते बघायला पोस्टेल फार दिवस राहिले नाहीत. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर १६ ऑक्टोबर १९९८ ला ते गेले. वय फक्त ५५.

मग गायरानाचं काय झालं? जून १९९९ च्या टिपणात डॉट टेस्ट, डॉट एक्झाम्पल, डॉट इनव्हॅलिड आणि डॉट लोकलहोस्ट ही चार नावं कायमची राखली गेली. एक्झाम्पल डॉट कॉम आयानाने बाजूला ठेवल्याची नोंदही त्यात आहे. २०१३ मध्ये आयईटीएफने नियमच केला: नवं नाव राखायचं तर सात प्रश्नांची उत्तरं द्या. सामान्य युजरपासून नावं विकणाऱ्यांपर्यंत प्रत्येकाने त्या नावाशी वेगळं काय वागायचं? या वाटेने २०१५ मध्ये डॉट अनियन राखलं गेलं. डॉट डेव्ह मात्र कोणी राखलंच नव्हतं. कितीतरी प्रोग्रामर ते आपल्या मशीनवर बिनधास्त वापरत होते. २०१४ मध्ये ते खरं डोमेन झालं आणि पुढे अनेकांच्या चाचणीच्या साइट्स बंद पडल्या. २०२४ मध्ये आयकॅनने खाजगी वापरासाठी डॉट इंटर्नल राखून ठेवलं.

एका माणसाच्या शब्दावर चालणारं काम आज नियमांवर चालतं, आणि मला वाटतं तेच बरोबर आहे. पण नियम नव्हते तेव्हा या माणसाने वही जवळजवळ ३० वर्षं नीट सांभाळली. मनात आणलं असतं तर त्यातून ते कितीतरी कमावू शकले असते.

सर, उत्तर उशिरा देतोय. ते नाव कितीही पैसे दिले तरी मिळणार नाही, कारण ते सगळ्यांसाठी आहे. आता तरी मार्क वाढवाल का?