ज्यांच्या नावाने भूमिहीनांची योजना, ते दादासाहेब गायकवाड कोण होते?

अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील भूमिहीन शेतमजुरांना जमीन देणारी राज्य सरकारची एक योजना आहे : कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. नंदुरबार तालुक्यातील रनाळे असो की राज्यातील दुसरे कोणतेही गाव, या योजनेचा अर्ज भरणाऱ्याला दादासाहेबांचे नाव लिहावेच लागते. पण हे दादासाहेब कोण, त्यांनी जमिनीसाठी काय केले आणि योजनेला त्यांचेच नाव का, हे अर्ज भरणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. खानदेशाशी त्यांच्या चळवळीचा जवळचा संबंध होता. म्हणून ही ओळख.

नेमके कोण?

पूर्ण नाव भाऊराव कृष्णाजी गायकवाड. जन्म १५ ऑक्टोबर १९०२, नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी, महार कुटुंबात. बडोद्याच्या गायकवाड राजघराण्याशी त्यांचा काही संबंध नाही. कर्मवीर ही उपाधी भाऊराव पाटील यांनाही आहे, त्यामुळेही गोंधळ होतो. ते रयत शिक्षण संस्थेचे, हे नाशिकचे.

शिक्षण बेताचे, राहणी खेड्यातली. विलायतेहून शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना नाशिक भागात असा माणूस हवा होता, ज्याच्या शब्दावर गावेच्या गावे जमा होतील. तो त्यांना गायकवाडांमध्ये मिळाला. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. चळवळीचा हिशेब, पैशांची ओढाताण, पुढची दिशा असे सगळेच त्यांत आहे. एखाद्या जिल्ह्याच्या कार्यकर्त्यावर किती भरवसा टाकला होता, हे त्यावरून कळते.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह कोणी चालवला?

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व बाबासाहेबांचे होते, पण रोजची व्यवस्था गायकवाडांकडे होती. तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे. हजारोंचा मोर्चा मंदिरावर गेला, दरवाजे बंद करून घेण्यात आले आणि सत्याग्रही चारही दरवाजांसमोर बसले. त्यात स्त्रियाही होत्या. त्याच वर्षी रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली.

बाबासाहेब त्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. मागे तुकड्या पाठवणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची चूल पेटती ठेवणे, गावोगाव बहिष्कार सोसणाऱ्यांना धीर देणे ही कामे नाशिकच्या मंडळींनी केली. मंदिरात गेले म्हणून नव्हे, तर जायचे म्हटले म्हणून खेड्यात लोकांची मजुरी बंद होत होती. रोजगार ज्याच्या शेतावर, बहिष्कारही त्याचाच. अंगावर कपडे नीट घातले, पाणवठ्यावर गेले, सभेला गेले, यांपैकी कशाचीही शिक्षा एकच असे : उद्यापासून कामावर येऊ नको. गायकवाडांच्या पुढच्या आयुष्याचा धागा इथे सापडतो. स्वतःची जमीन नसेल, तर स्वाभिमान किती दिवस टिकणार, हा प्रश्न त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा येत राहिला.

सुमारे पाच वर्षे चाललेल्या त्या लढ्याला दार काही उघडले नाही. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्राने कळवले की, मंदिरप्रवेश हे साध्य नव्हते, समाज जागा करण्याचे ते साधन होते. आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. ऑक्टोबर १९३५ मध्ये नाशिक जिल्ह्यातच, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मंदिरे कायद्याने खुली झाली ती १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानंतर.

विधिमंडळात काय केले?

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत गायकवाड नाशिकमधून मुंबई विधिमंडळावर निवडून गेले. पक्षाचे तेव्हाचे दोन मोठे विषय जमिनीचेच होते : कोकणातील खोती आणि महार वतन.

वतन म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. गावचा निरोप पोहोचवणे, सरकारी कामगाराच्या पुढे धावणे, मेलेले जनावर ओढणे अशा पडेल त्या कामांच्या मोबदल्यात महारांना थोडी इनाम जमीन आणि बलुते मिळे. जमीन नावाला, राबणूक जन्माची. पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या होऊन तुकडे इतके लहान झाले की त्यावर एकाही घराचे पोट भरत नसे. तरीही ती जमीन आहे म्हणून गावकी करावीच लागे. वतन संपवणारा कायदा १९५८ मध्ये झाला. त्यात जमीन सरकारजमा होऊन, ठरलेली रक्कम भरली की ती परत त्याच वतनदाराच्या नावे करून देण्याची तरतूद होती. मात्र ती नव्या शर्तीची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी.

कूळ कायदा आला, मग मजूर मागे का राहिला?

स्वातंत्र्यानंतर जमीन सुधारणेचे कायदे झाले. मुंबई राज्याचा कूळ कायदा १९४८ चा. १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात याने मोठा बदल झाला. पण कूळ कोण? ज्याचे नाव कागदावर आहे तो.

खानदेशात शेतीचा भार सालदारावर होता. सालदाराचे साल आखाजीला ठरते आणि पुढच्या आखाजीला संपते. तो नांगरतो, पेरतो, राखतो, पण खंडाने कसत नाही. त्याला वर्षाचा मोबदला मिळतो. सातबाऱ्याच्या कोणत्याच रकान्यात त्याचे नाव नसते. रोजंदारीच्या मजुराचे तर नसतेच नसते. त्यामुळे कसेल त्याची जमीन हे तत्त्व मान्य होऊनही, प्रत्यक्ष राबणारा मोठा वर्ग कायद्याच्या बाहेर राहिला. यात दलित होते, भिल्ल होते, इतर जातींतले गरीबही होते.

गायकवाडांनी नेमके इथे बोट ठेवले. खासगी जमीन कुळाला मिळते आहे तर मिळू द्या. पण सरकारी पडीक, गायरान आणि लागवडीयोग्य वनजमीन ज्याच्याकडे काहीच नाही त्याला द्या, अशी त्यांची मागणी होती.

१९५९ चा सत्याग्रह खानदेशात कसा आला?

डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९५७ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीसोबत होते. गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली.

पडीक जमिनीसाठी सत्याग्रह मराठवाड्यात १९५३ मध्येच झाला होता. १९५९ मध्ये गायकवाडांनी तो पुन्हा हाती घेतला आणि मराठवाड्याबरोबर खानदेश, नाशिक, नगर या भागांत तो पसरला. नंदुरबार तेव्हा धुळे मुख्यालय असलेल्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. स्वतंत्र नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा.

पद्धत साधी होती. गावची पडीक जमीन निवडायची, तिथे जमून ती कसायला घ्यायची, पोलिस आले की अटक करून घ्यायची. पुढची तुकडी तयारच. मारामारी नाही आणि लपाछपीही नाही. तुरुंग भरू लागले तसे सरकारला बोलणी करावी लागली. पडीक जमीन भूमिहीनांना देण्याची आश्वासने मिळाली. काही ठिकाणी पट्टे मिळाले, अनेक ठिकाणी एकसाली परवान्यावरच बोळवण झाली.

मग पक्ष का फुटला?

याच काळात रिपब्लिकन पक्षात पहिली मोठी फूट पडली. एका बाजूला बी. सी. कांबळे यांचा दुरुस्त गट, दुसऱ्या बाजूला गायकवाडांचा, ज्याला विरोधक नादुरुस्त म्हणत. दुरुस्त गटाचा आक्षेप असा की, बाबासाहेबांचा मार्ग घटनेचा आणि कायद्याचा. जमिनीचे सत्याग्रह आणि कम्युनिस्टांशी जवळीक हा त्यापासून ढळणे आहे. या भांडणाला शहरातले शिकलेले आणि खेड्यातले धोतरवाले अशीही एक किनार होती.

वाद निव्वळ खुर्चीचा नव्हता. नोकरी आणि राखीव जागा हा शिकलेल्यांसाठी पुढे जाण्याचा रस्ता होता. न शिकलेल्या मजुरासाठी कोणता, हा गायकवाडांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर विरोधकांकडे फारसे नव्हते. पण हेही खरे की फुटीचा फटका शेवटी त्याच मजुराला बसला. त्याची बाजू मांडणारा पक्षच अर्धा झाला.

१९६४ मध्ये काय घडले?

१९६२ ते १९६८ गायकवाड राज्यसभेत होते. १९६४ मध्ये पक्षाने मागण्यांची सनद दिल्लीत मांडली आणि संसदेवर मोर्चा नेला. बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबर १९६४ रोजी, देशभर सत्याग्रह सुरू झाला. भूमिहीनांना पडीक जमीन, शेतमजुरांना किमान वेतन, धान्याचे भाव आटोक्यात, धर्मांतरित बौद्धांना सवलती, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र अशा मागण्या होत्या. पक्षाच्या हिशेबाने तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याशी बोलणी होऊन १९६५ च्या सुरुवातीला लढा थांबला.

मागण्यांचे पुढे काय झाले? संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा १९६७ मध्ये उभा राहिला, पण सेंट्रल हॉलमध्ये तैलचित्र लागायला १९९० उजाडले. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतीही १९९० मध्येच मिळाल्या. जमिनीची मागणी सर्वांत मोठी होती आणि तीच सर्वांत अर्धवट राहिली.

शेवटची वर्षे वादाची का?

१९६७ मध्ये गायकवाडांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध सत्याग्रह केले, त्यांच्याच पंक्तीला बसल्याची टीका झाली. सत्तेजवळ गेल्याशिवाय जमीन हलत नाही, असा त्यामागचा हिशेब त्यांचे समर्थक सांगतात. हिशेब पुरा पडला नाही. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पक्ष मात्र आणखी फुटत गेला. २९ डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्या रागात रिपब्लिकन नेत्यांच्या तडजोडींवरचा रागही होता.

१९७२ च्या सुरुवातीलाच शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने भिल्लांच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न पेटला. झेंडा वेगळा, माणसे वेगळी, प्रश्न तोच. आदिवासींची जमीन परत करण्याचा राज्याचा कायदा त्यानंतर, १९७४ चा.

आजची योजना आणि त्यांची मागणी एकच आहे का?

नाही, आणि हा फरक समजून घ्यायला हवा. २००४ पासूनच्या या योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन दिली जाते. पूर्वी निम्मे अनुदान, निम्मे कर्ज असे; २०१८ पासून पूर्ण अनुदान आहे. त्या वेळच्या निर्णयात जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाख रुपये अशी कमाल मर्यादा ठरली. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्त कुटुंबांना प्राधान्य आहे. आदिवासी भूमिहीनांसाठी आदिवासी विकास विभागाची अशाच धर्तीची वेगळी योजना आहे.

पण ही जमीन सरकार खासगी मालकाकडून विकत घेते. म्हणजे आधी विकणारा हवा आणि त्याला सरकारी दर पटायला हवा. रस्त्यालगतच्या, पाण्याच्या जमिनीला बाजारात त्याहून जास्त मिळत असेल तर तो योजनेकडे कशाला येईल? गायकवाडांची मागणी याच्या उलट होती. त्यांना सरकारच्याच ताब्यातील जमीन हवी होती, आणि तीही जो प्रत्यक्ष कसायला तयार आहे त्याला.

त्या मागणीचा माग आज दुसऱ्या कागदांत लागतो. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा राज्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला. वनजमिनीसाठी २००६ चा वनहक्क कायदा आला, त्याची मुदत १३ डिसेंबर २००५. उलट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावची सामायिक जमीन मोकळी करण्याचे आदेश दिले आणि गायरान कसणाऱ्यांच्या डोक्यावर पुन्हा टांगती तलवार आली. त्यामुळे पुरावा असणारा आणि नसणारा असे दोन गट पडतात. जुन्या दंडाची पावती, पीक पाहणीतील नोंद, सत्याग्रहातील अटकेचा कागद यांना आज किंमत आहे ती यासाठीच. घरात असा एखादा जुना कागद पडून असेल, तर तो जपून ठेवावा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणी तरी त्यासाठी तुरुंगात गेले असण्याची शक्यता आहे.