रॉबर्ट हूक: तुमच्या गाडीच्या स्प्रिंगमागचा माणूस

जुन्या गाडीचा मागचा भाग एका बाजूला खाली बसला, की बहुतेक जण शॉकअप गेले असं म्हणून मोकळे होतात. पण गाडीची उंची सांभाळण्याचं काम मुळात स्प्रिंगचं असतं. स्प्रिंग कसं वागते हे ज्याने पहिल्यांदा नीट मांडलं, त्या रॉबर्ट हूकला आपण अकरावीत एका सूत्रापुरतं भेटतो आणि विसरून जातो. त्याची गोष्ट मात्र सूत्रापेक्षा बरीच मोठी आहे.

४० पाउंड आणि लंडन

हूकचा जन्म १६३५ चा, इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. हूक १३ वर्षांचा असताना ते गेले. वारशातले ४० पाउंड घेऊन पोरगा लंडनला आला. आधी चित्रकाराकडे थोडे दिवस काम, मग वेस्टमिन्स्टर शाळा, मग ऑक्सफर्ड. तिथे रॉबर्ट बॉइलसाठी त्याने हवेचा पंप बनवला. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग करून दाखवायच्या कामावर नेमलं. १६६५ मध्ये त्याचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक आलं आणि जीवशास्त्राला 'सेल' हा शब्द मिळाला.

त्याच वर्षी लंडनजवळ कर्नल ब्लाउंटच्या घरी एक वेगळाच प्रयोग झाला: घोडागाडीचा प्रवास सुखाचा कसा करायचा? तिथे गेलेल्या मंडळींत हूकही होता, अशी नोंद सॅम्युएल पेपिसच्या डायरीत आहे. म्हणजे सस्पेन्शनचा प्रश्न मोटारीच्या कितीतरी आधीचा.

घड्याळाचं भांडण

स्प्रिंग वापरून खिशातलं घड्याळ अचूक चालवायची कल्पना हूककडे बऱ्याच आधीपासून होती. पण ती त्याने रीतसर प्रसिद्ध केली नाही. १६७५ मध्ये हॉलंडच्या हायगेन्सने तसंच घड्याळ जाहीर केलं आणि हूक भडकला. आपण हे आधीच केलंय, असं तो सांगत राहिला, पण हातात पक्का पुरावा नव्हता.

पुढच्या वर्षी त्याने शहाणपणा केला. स्प्रिंगचा नियम एका लॅटिन वाक्यात लिहिला, त्यातली १४ अक्षरं वर्णक्रमाने लावली आणि तेवढीच छापली. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी हॅश पब्लिश केला. मूळ वाक्य १६७८ मध्ये उघड केलं: स्प्रिंगवर जेवढा जोर, तेवढा तिचा ताण. जोर दुप्पट, तर ताणही दुप्पट.

पुढे गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून न्यूटनशीही वाजलं. हूक १७०३ मध्ये वारला आणि त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. आज हूकचं खात्रीलायक असं एकही चित्र उपलब्ध नाही. मात्र २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका घरात त्याच्या हस्ताक्षरातले कागद सापडले. त्यात १६७० च्या बैठकीत त्याच्या स्प्रिंगच्या घड्याळाचा उल्लेख आहे. पुरावा आला, पण ३०० वर्षं उशिरा.

आता गाडीकडे

हूकचा नियम एका मर्यादेपर्यंतच चालतो. त्यापलीकडे ताण गेला, की स्प्रिंग पूर्वीच्या लांबीवर परत येत नाही. वर्षानुवर्षं ओझं वाहून 'बसलेली' स्प्रिंग म्हणजे हेच. स्टीलचा कडकपणा जवळपास तोच राहतो, लांबी कमी होते. त्यामुळे तपासणी अशी करा:

१. सपाट जागा, रिकामी गाडी, टायरमध्ये योग्य हवा. मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक ठळक असेल, तर स्प्रिंग बसलीय किंवा तुटलीय. पाटे असतील, तर एखादा पाटा तुटलाय का बघा.

२. उंची ठीक, पण मागचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डोलते? मग संशय शॉकअपवर. स्प्रिंग ऊर्जा साठवते, शॉकअप तिची उष्णता करून हालचाल थांबवतो. त्यावर तेल ओघळलेलं दिसलं, तर संशय आणखी पक्का.

३. उंचीही ठीक, डोलणंही नाही, पण छोट्या खड्ड्यांवर खडखड? बुश तपासून घ्या.

४. ॲम्बॅसिडरसारख्या गाडीत गिअर टाकून क्लच सोडताना खालून 'ठक' आवाज येत असेल, तर तो सस्पेन्शनचा नसून प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असू शकतो. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात या जोडाला 'हूक्स जॉइंट' म्हणतात. हो, तोच हूक!

गाडीखाली वाकून बघायचं असेल, तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. स्टँड लावा किंवा सरळ गॅरेज गाठा.

आणि मोजलेले आकडे मोबाईलमध्ये तारखेसकट लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं, की स्प्रिंग किती बसतेय ते दिसेल. वेळच्या वेळी केलेल्या नोंदीची किंमत हूकइतकी कोणाला कळली असेल?