नांदगावचे गणेश दैवज्ञ

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला खालापूर तालुक्यातील घराघरांत मध्याह्नाच्या आत पूजेची सिद्धता होते. महडचे श्रीवरदविनायक याच तालुक्यातले. त्यामुळे कुंभिवलीसारख्या गावांत या दिवसाचा उत्साह विशेष. मूर्ती चौरंगावर बसविण्यापूर्वी घरातील वडीलधारी मंडळी पंचांग उघडून चतुर्थी मध्याह्नी आहे ना, हे पाहून घेतात. ती तिथी आपल्यासाठी कोणी मोजून ठेवली, याचा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज आम्ही वाचकांना त्या गणितकर्त्याचे स्मरण करून देणार आहोत. तेही याच रायगड जिल्ह्यातले, मुरूडजवळच्या सागरतीरावरील नांदगावचे.

गणेश दैवज्ञ यांचा जन्म इ. स. १५०७ च्या सुमारास झाला. कौशिक गोत्राचे हे घराणे विद्यावंतांचे होते. मातोश्रींचे नाव लक्ष्मी. पिताजी केशव दैवज्ञ हे स्वतः थोर ज्योतिषी. मुहूर्ततत्त्व, जातकपद्धती, ताजिकपद्धती हे त्यांचे ग्रंथ मुहूर्त आणि भविष्यकथन या विषयांवरचे; परंतु त्यांचे खरे चित्त आकाशात गुंतलेले होते. शके १४१८ च्या ग्रहकौतुकात त्यांनी ग्रहगणित मांडले, आणि ग्रंथातील गणित व डोळ्यांना दिसणारे ग्रह यांत अंतर पडते हे स्वच्छ नोंदवून ठेवले. पुढील विद्वानांनी वेध घेऊन गणित सुधारावे, असाच त्यांचा अभिप्राय होता. जुन्या आचार्यांविषयी पूर्ण आदर बाळगून असे लिहावयास धैर्य लागते.

नांदगावच्या गणपतीशी निगडित एक आख्यायिका परंपरेने सांगितली जाते. केशवांनी वर्तविलेल्या एका ग्रहणाची वेळ चुकली आणि राजदरबारी त्यांचा उपहास झाला. खिन्न होऊन ते गावातील गणेशमंदिरात तपास बसले. वृद्धापकाळामुळे ग्रहशोधनाचे कार्य तुझ्या हातून होणार नाही, ते मीच तुझ्या पोटी येऊन करीन, असा दृष्टांत त्यांना झाला. म्हणून पुत्राचे नाव गणेश ठेवले. आख्यायिका ती आख्यायिका. परंतु पित्याचे अपुरे राहिलेले कार्य पुत्राने पूर्ण केले, हे ग्रंथांवरूनच सिद्ध आहे.

त्या कार्याचे नाव ग्रहलाघव. त्याचे आरंभवर्ष शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०. तेराव्या वर्षी तो रचला असे परंपरा मानते. त्या काळी सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन पक्ष आपापला अभिमान बाळगून होते. गणेश दैवज्ञांनी कोणत्याही एका पक्षाचा आग्रह धरला नाही. सूर्य सौरपक्षाचा घेतला. चंद्रही त्याच पक्षाचा, पण नऊ कला कमी करून. मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षाचे घेतले. शनी आर्यपक्षाचा घेऊन त्यात पाच अंश मिळविले. बुधासाठी ब्राह्मपक्ष मानला आणि शुक्रासाठी आर्य व ब्राह्म यांचा मध्य साधला. आकाशात जे जुळते ते प्रमाण, हीच त्यांची कसोटी. ग्रह जेथे दिसतो तेथे गणितात नसेल, तर त्यावरून काढलेल्या मुहूर्ताला आणि वर्तविलेल्या भविष्याला आधार तरी कोणता राहणार? आमच्या मते ग्रंथाचे मोल या निवडीतच आहे.

दुसरा गुण सुलभतेचा. प्राचीन ग्रंथांतील ज्या-चापांचे किचकट गणित त्यांनी सर्वस्वी टाळले. कल्पारंभापासूनचे कोट्यवधी दिवस मोजण्याऐवजी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र योजले, त्यामुळे मोठमोठ्या आकड्यांचे ओझे उतरले. पुढे शके १४४७ मध्ये लघुतिथिचिंतामणी रचून त्यांनी तिथी, नक्षत्र व योग यांची कोष्टकेच सिद्ध केली. खेड्यातील जोशीबुवांनाही थोड्या श्रमात वर्षाचे पंचांग मांडता येऊ लागले. एकादशीचा उपवास, संकष्टी, श्राद्धतिथी, लग्नाचे मुहूर्त हे सारे मग महाराष्ट्रात शतकानुशतके या दोन ग्रंथांच्या आधारेच ठरत आले.

भास्कराचार्यांच्या लीलावतीवर त्यांनी शके १४६७ मध्ये बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. पित्याच्या मुहूर्ततत्त्वावरही टीका केली. गोदातीरीच्या गोलग्रामचे दिवाकर हे त्यांचे शिष्य. दिवाकरांचे पुत्र मल्लारी आणि विश्वनाथ यांनी ग्रहलाघवावर टीका रचल्या, आणि त्या घराण्याबरोबर नांदगावची ही विद्या काशीस पोहोचली.

काळ लोटला तसे ग्रहलाघवाचे गणितही आकाशापासून किंचित ढळू लागले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांवर आधारलेल्या गणिताचा पुरस्कार केला. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी तेच कार्य चालविले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या भारतीय ज्योतिःशास्त्रात केशव-गणेश या पितापुत्रांचे कार्य साक्षेपाने नोंदविले. जुने पंचांग सोडावे की नवे घ्यावे, यावर महाराष्ट्रात मोठे वाद झाले, आणि एकाच गावात दोन दिवशी सण होण्याचे प्रसंगही आले. जुन्याच्या अभिमान्यांनी त्या वादात ग्रहलाघवाची ढाल पुढे केली. ज्या केशवांनी पुढच्यांनी वेध घ्यावेत असे सांगितले आणि ज्या गणेशांनी ते घेऊन दाखविले, त्यांच्याच नावाने वेधांना विरोध व्हावा, हे आम्हांस मोठे विलक्षण वाटते.