कोटितीर्थाकाठचे चित्रकार : कै. आबालाल रहिमान

कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे नाव आपल्या घराघरांतून आदराने घेतले जाते. मेस्त्री घराण्यात १८९० साली जन्मलेल्या कोल्हापूरच्या या कारागिराने नाटकांचे पडदे रंगविले, पुतळे घडविले, स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. कोणत्याही कलाशाळेत ते गेले नव्हते. मग निसर्गाकडे चित्रकाराच्या दृष्टीने पाहण्याचा धडा त्यांच्या पिढीस मिळाला कोठे, हे शोधू लागले की आपण कोटितीर्थ तळ्याच्या काठी एका साध्या झोपडीशी येऊन थांबतो. तेथे राहणारा पुरुष आपल्या ज्ञातीचा नव्हता आणि धर्माचाही नव्हता. तथापि ऋण कोणाचे हे न सांगता वारशाचा अभिमान मिरविणे बरे नव्हे, म्हणून त्याचे चरित्र येथे देण्याचे योजिले आहे.

आबालाल यांचे घराणे कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणाऱ्यांचे. अक्षराचे वळण साधणारा हात त्यांना वारशानेच लाभला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि १८८८ साली व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळविले. मुंबईत राहते तर धन व कीर्ती दोन्ही मिळती. ते मात्र कोल्हापुरास परतले. पुढे राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यांना आश्रय दिला, परंतु दरबारात राहूनही त्यांचे मन रमले ते पाण्याच्या काठीच.

रंकाळा, पंचगंगेचा घाट, संध्यामठ आणि कोटितीर्थ हेच त्यांचे विषय. तेच तळे ते पुन्हा पुन्हा रंगवीत. पहाटेचे निराळे, संध्याकाळचे निराळे. स्वतः तयार केलेले रंगही ते वापरीत. जलरंगाचे काम किती अवघड, हे कारागिराच्या घरात जन्मलेल्यांना चटकन उमजेल. लाकडाच्या तंतूंच्या उलट्या दिशेने रंधा मारला की फळी उखडते. तसा पारदर्शक जलरंगाचा हात एकदा चुकला की तो सुधारू गेल्यास चित्र मळते. उजेड दाखवावयाचा तो कागदाचा पांढरेपणा राखूनच. त्यासाठी आधी पुष्कळ पाहावे लागते. आपल्या कात्रपला पावसाळ्यात चंदेरीचा सुळका ढगांत बुडतो आणि घटकाभराने धुऊन निघाल्यासारखा वर येतो. भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरी ते दृश्य अद्याप आहे. परंतु आपल्यापैकी कितीजण त्यासाठी खिडकीशी थांबतात?

आबालालांच्या चित्रांनी कोल्हापूरच्या तरुणांना हे थांबणे शिकविले. दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर आणि पुढे चंद्रकांत मांडरे अशी निसर्गचित्रणाची जी परंपरा त्या नगरीत वाढली, तिचे मूळ आबालालांपाशी आहे. विशेष हे की, बाबूरावांनी त्यांची नक्कल केली नाही. त्यांनी तैलरंगांत, पडद्यांवर आणि अखेर चित्रपटात आपली स्वतंत्र वाट काढली.

१९२२ साली शाहू महाराज निवर्तले. तो आघात आबालालांना सोसवला नाही. आपली हजारो चित्रे त्यांनी कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. ज्या तळ्याने चित्रे दिली त्यालाच ती परत केली, असे म्हणून काही लोक या कृत्याचे कौतुक करतात. आम्हांस ते कौतुक पटत नाही. आश्रयदाता गेल्यावर एवढ्या थोर कलावंताची चित्रे सांभाळावयास दुसरे कोणी पुढे आले नाही, ही त्या काळच्या समाजाची उणीव होय. २८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल कालवश झाले.

वाचलेली काही चित्रे कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात जतन केलेली आहेत. सुटीत त्या बाजूस जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे, आणि चित्रे पाहून झाल्यावर कोटितीर्थाच्या काठावरही थोडा वेळ बसू द्यावे.