सुईदोऱ्याचे शल्यविशारद : डॉ. अलेक्सिस कॅरेल

सुईदोरा हे आपल्या शिंपी समाजाचे वंशपरंपरागत साधन. संत नामदेवांची नरसी १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. तथापि शाळेत वडिलांचा व्यवसाय सांगताना मान खाली घालणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी हे अल्पचरित्र सादर करीत आहे.

डॉ. कॅरेल यांचा जन्म २८ जून १८७३ रोजी फ्रान्समधील लिऑन शहरानजीक झाला. वडील कापडाचे कारखानदार होते. परंतु बालपणीच पितृछत्र हरपले. अलेक्सिस लिऑन येथे वैद्यकी शिकत असता, १८९४ साली त्याच शहरी राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्या पोटात मारेकऱ्याने सुरा खुपसला. यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी फाटली. ती शिवण्याची खात्रीची रीत तेव्हा कोणासच अवगत नव्हती. कार्नो मृत्यू पावले. ही गोष्ट कॅरेल यांच्या मनास लागून राहिली.

रेशमी वस्त्रांबद्दल विख्यात असलेल्या त्या शहरात त्यांनी लेरूदिए नामक भरतकाम करणाऱ्या बाईंकडे टाके शिकण्यास प्रारंभ केला. १९०२ साली त्यांनी आपली पद्धती प्रसिद्ध केली. तुटलेल्या वाहिनीची दोन तोंडे समान अंतरावरील तीन टाक्यांनी जोडून ते टाके ताणावयाचे. म्हणजे गोल तोंड त्रिकोणी होते आणि सरळ कडेवर बारीक शिवण घालता येते. पुढे ते अमेरिकेस गेले. १९१२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

पोटात क्वचित अशी गाठ होते की, ती महारोहिणी वा महानीला या मुख्य रक्तवाहिन्यांच्या भित्तीतच शिरते. पूर्वी अशी गाठ दिसताच बहुधा पोट तसेच शिवून टाकावे लागे. आता रोग अन्यत्र पसरलेला नसल्यास व रोग्याची प्रकृती साथ देत असल्यास, गाठीच्या वर व खाली वाहिनी चिमट्याने रोधतात, बाधित भाग गाठीसह काढतात आणि तेथे ठिगळ किंवा कृत्रिम नळी शिवतात. धोका मोठाच असतो. परंतु या शिवणीचे मूळ कॅरेल यांच्या टाक्यात आहे.

त्यांच्या चरित्रास काळी बाजूही आहे. जन्मावरून माणसाची प्रत ठरविणाऱ्या वंशसुधारणेच्या मताचा त्यांनी पुरस्कार केला. ५ नोव्हेंबर १९४४ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांची विद्या आपण आदराने घ्यावी. ते मत मात्र मुळीच घेऊ नये. भरतकाम करणाऱ्या बाईस गुरू मानून जे हाती आले, त्यानेच रोग्यांचे प्राण वाचले. आपल्या मुलांनी सुईस लाजू नये, एवढेच मागणे.