अठरा तासांच्या अभ्यासापलीकडचे विद्यार्थी बाबासाहेब

हर्सूल : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात शिकण्यासाठी गाव सोडून आलेला आणि हर्सूलच्या बाजूला खोली करून राहणारा विद्यार्थी बाबासाहेबांच्या अठरा तासांच्या अभ्यासाची गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेला असतो. परीक्षेचा ताण, पैशांची चणचण आणि एकटेपणा यांनी मन खचले, की हाच आदर्श त्याला ओझे वाटू लागतो. मात्र खुद्द बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन पाहिले, तर त्यात अपयश होते, अश्रू होते आणि मित्रांचा आधारही होता.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांनी फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गमावले. त्याच वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्यासोबत राहत असे. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. दुसऱ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे सामान जहाजासह समुद्रात बुडाले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर अस्पृश्य म्हणून पारशी विश्रामगृहातून त्यांना हाकलण्यात आले. कोठेही आसरा मिळेना, तेव्हा कामाठी बागेत बसून ते रडले. एवढा मोठा विद्वान रडला, यात कमीपणा नाही. अन्यायाने झालेल्या जखमेचे ते अश्रू होते.

मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. मित्र भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, राजर्षी शाहू महाराजांचे साह्य स्वीकारले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. तेथे अर्धपोटी राहून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन करीत. रात्री भूक लागली, की पापडांवर भागवीत. एवढे करूनही त्यांचा रुपयाविषयीचा प्रबंध १९२३ मध्ये परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तोवर पैसेही संपले होते. मायदेशी परतून त्यांनी प्रबंधात बदल केले, तो पुन्हा पाठविला आणि त्याच वर्षी डी. एस्सी. पदवी मिळविली.

पुढे १९२६ मध्ये लाडका मुलगा राजरत्न गेला, तेव्हा आपले दुःख त्यांनी मित्र दत्तोबा पवार यांना पत्रातून कळविले. मन मोकळे करणे त्यांना दुबळेपणाचे वाटले नाही.

आपल्याला सोसावे लागले ते पुढच्यांना सोसावे लागू नये, हा ध्यास त्यांच्या शैक्षणिक कार्यामागे होता. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

बाबासाहेबांकडून वाचनाचे तास घ्यावेत. त्याबरोबर मित्राकडे हात पुढे करण्याचे धैर्यही घ्यावे. मन फारच खचले असेल, तर घरच्यांशी, प्राध्यापकांशी बोलावे. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. मदत मागितल्याने कोणी लहान होत नाही.