नाणूसचे दीपाजी राणे

वाळपईजवळच्या नाणूस किल्ल्यावर २६ जानेवारीला तिरंगा फडकतो, तेव्हा प्रजासत्ताक दिनाबरोबर आणखी एक स्मृती जागी होते. १८५२ साली याच दिवशी दीपाजी राणे यांनी हा किल्ला पोर्तुगिजांकडून हिसकावून घेतला.

दीपाजी सत्तरीच्या राणे मोकासदारांपैकी. अठराव्या शतकात हा मुलूख पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादींत गेला, तरी गावांवरील परंपरागत हक्क राण्यांनी सोडले नव्हते. पुढे जमिनीवरील करांचे ओझे वाढले आणि सक्ती अंगावरच्या वस्त्रापर्यंत पोहोचली. चिखलात राबणाऱ्याने विजार घालावी, हा हुकूम काढणाऱ्याने शेत पाहिलेलेच नसावे!

किल्ल्यातील शस्त्रे हाती आल्यावर बंड सुमारे साडेतीन वर्षे चालले. त्याचे लोण केपे, काणकोणपर्यंत गेले. फौजेला रान अनोळखी, राण्यांच्या माणसांना पायवाटा तोंडपाठ. पण ही माणसे कोण? एरवी नांगर धरणारी, डोंगरउतारावर कुमेरी करणारी कुळेच. ती रानात उतरली की पेरणी, कापणी, गुरे, म्हातारीकोतारी, सारे घरच्या बायकांच्या माथी. तलवारीचा इतिहास लिहिताना हा हिशेब सहसा सुटतो.

१८५५ मध्ये तडजोड झाली. दीपाजींना कप्तानाचा हुद्दा आणि मानाची तलवार मिळाली. कुळे कसत होती ती जमीन मात्र मोकाशातच राहिली. तिच्या मालकीचा वाद सत्तरीत गोवामुक्तीनंतरही धुमसत राहिला.